लाट, लहर आणि साथ : बसवनगुडीच्या संदर्भात एका रूपकाचा विचार

१. एक शब्द आणि अनेक वाटेकरी

इंग्रजीतील ‘वेव्ह’ हा शब्द नित्याच्या वापरातला आहे. परंतु मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द देता येत नाही. समुद्रावर उठते ती लाट, मनात येते ती लहर किंवा ऊर्मी, शांत पाण्यावर उमटतो तो तरंग. निरोप देताना माणूस हात हलवितो, निशाण फडकते, पिकाला आलेले शेत डोलते, केस कुरळे असतात. इंग्रजी भाषा या सर्व ठिकाणी एकाच शब्दावर भागविते. विशेष म्हणजे त्या भाषेतही हा शब्द मूळचा समुद्राचा नाही. प्राचीन इंग्रजीत तो हात मागेपुढे हलविण्याच्या क्रियेचा वाचक होता. सागराच्या लाटेसाठी निराळे नाम रूढ होते आणि त्याची जागा आजच्या शब्दाने सुमारे सोळाव्या शतकात घेतली. हाताच्या हालचालीवरून तो पाण्याकडे गेला आणि पुढे उष्णता, ध्वनी, निवडणूक, रोग, चित्रपट अशा नाना क्षेत्रांत पसरला.

मराठीने मात्र या अर्थक्षेत्राची वाटणी केली आहे, आणि ही वाटणी आकस्मिक नाही. कोणता शब्द कोठे योजावयाचा, हे बहुधा एका प्रश्नावर ठरते : हालविणारी शक्ती कोठे आहे?

‘लाट’ बाहेरून येते. ती आदळते, फुटते, अंगावर येते. माणूस तिच्याखाली सापडतो. तिच्यात वजनाचा आणि दाबाचा भाव आहे. तेलाच्या घाण्यातील जड लाकडालाही लाट म्हणतात. पोळी लाटणे आणि दुसऱ्याचे धन लाटणे या प्रयोगांची व्युत्पत्ती समुद्राच्या लाटेशी जुळो वा न जुळो, बोलणाऱ्याच्या कानाला त्यांतही दाबाचाच प्रत्यय येतो. ‘लहर’ संस्कृत ‘लहरी’पासून आली. तिचा मूळ अर्थ पाण्याचाच. परंतु मराठीत ती मनुष्याच्या अंतरंगात शिरली. लहर लागते, लहर फिरते. ज्याच्या वागण्याला धरबंध नाही तो लहरी. भांगेची लहर येते आणि सर्पदंश झालेल्यास विषाच्या लहरी येतात. येथे शक्ती आत आहे. माणूस तिच्या स्वाधीन असला तरी ती त्याचीच असते. ‘तरंग’ हा शब्द प्रामुख्याने रूपाचा निर्देश करतो. जलतरंग हे वाद्य आणि तरंगलांबी ही भौतिकशास्त्रातील संज्ञा यांत शक्तीपेक्षा आकृती आणि क्रम यांना महत्त्व आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या काही भागांत दसऱ्याच्या वेळी वस्त्रांनी सजवून मिरविल्या जाणाऱ्या देवतांच्या काठ्यांना ‘तरंग’ म्हणतात. अदृश्य शक्तीचे ते दृश्य रूप होय. ‘ऊर्मी’ हा शब्द तत्त्वचिंतनातून आला. भूक, तहान, शोक, मोह, जरा आणि मृत्यू या सहा ऊर्मी वेदान्तग्रंथांनी सांगितल्या आहेत. आज मात्र हा शब्द बहुधा सर्जनाच्या प्रेरणेसाठी योजला जातो.

मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या कन्नडनेही या अर्थांची आपल्या रीतीने मांडणी केली आहे. कन्नडमध्ये लाटेला ‘अले’ म्हणतात. हाच शब्द क्रियापद म्हणून भटकणे या अर्थाने येतो आणि त्यावरून भटक्याला ‘अलेमारी’ म्हणतात. दुसरा शब्द ‘तेरे’. त्याचा एक अर्थ लाट, दुसरा पडदा आणि क्रियापदरूपात तिसरा अर्थ उघडणे. मराठी शब्द हालविणारी शक्ती कोठे आहे हे सांगतात, तर कन्नड शब्द लाटेचे स्थिर न राहणे आणि तिचे झाकणे-उघडणे टिपतात. दोन्ही भाषांत, समुद्रापासून दूर राहणाऱ्या लोकांनीही, लाटेचा उपयोग मनुष्यव्यवहार समजून घेण्यासाठी केला आहे.

या उपयोगाची एक बाजू इतिहासलेखनाच्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. रोगाची लाट, निवडणुकीतील लाट, स्थलांतराची लाट असे प्रयोग आज अभ्यासकांच्या लेखणीतही सहज उतरतात. या प्रयोगांमुळे घटनेविषयी काय कळते आणि काय झाकले जाते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी बंगळूरमधील बसवनगुडी या वसाहतीचे उदाहरण घेतले आहे. तिचा जन्म एका रोगाच्या काळात झाला आणि पुढे तिच्या मतदारांनी ‘लाट’ या शब्दाची मर्यादा एकाहून अधिक वेळा दाखवून दिली.

२. पठारावरील समुद्र

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे समुद्र नाही, मोठी नदीही नाही. सोळाव्या शतकात केंपेगौडाने वसविलेल्या या नगराने पाण्याची गरज तलाव बांधून भागविली आणि त्या तलावांना नावे दिली ती समुद्राची : धर्मांबुधी, केंपांबुधी. ‘अंबुधी’ म्हणजे सागर. यांपैकी केंपांबुधी बसवनगुडीच्या शेजारी, गविपुरम भागात आहे. बसवनगुडीचे नाव ज्या मंदिरावरून पडले, त्या दोड्ड बसवण्णाच्या पायाशी वृषभावती नदीचा उगम झाला, अशी श्रद्धा आहे. या परिसरातील जुन्या सुंकेनहळ्ळीचे शेतकरी भुईमूग पिकवीत. पीक खाऊन जाणाऱ्या बैलाची आख्यायिका आणि त्यावरून कार्तिकातील शेवटच्या सोमवारी भरणारी ‘कडलेकायी परिषे’, म्हणजे शेंगांची जत्रा, आजही चालू आहे. तलावाला समुद्र म्हणणाऱ्या लोकांना लाट हे रूपक परके वाटण्याचे कारण नव्हते.

मराठी भाषाही या नगरात नवी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. शहाजींच्या येथील दरबारात जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. अनेक भाषांतील रचनांचा समावेश असलेला हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापन केले आणि दक्षिणेतील मराठी वस्तीचे दुसरे मोठे केंद्र निर्माण झाले. या घडामोडींचे वर्णन ‘मराठ्यांच्या स्थलांतराच्या लाटा’ असे करण्याचा प्रघात आहे. परंतु लाट किनाऱ्यावर येते आणि परतते. ही माणसे परतली नाहीत. ती कन्नड, तमिळ आणि तेलुगू भाषकांत मिसळली, घरात मराठी आणि बाहेर प्रांताची भाषा बोलू लागली आणि राज्यकारभारात उतरली. या इतिहासातील राहून जाण्याचा भाग मोठा आहे आणि लाटेच्या रूपकात नेमकी त्यालाच जागा नाही.

येथे भौतिकशास्त्रातील एका साध्या गोष्टीचे स्मरण उपयुक्त ठरते. पाण्यावर तरंग जातो तेव्हा पाणी त्याच्याबरोबर दूर जात नाही. पाण्याचे कण आपल्या जागेच्या आसपास हेलकावतात आणि पुन्हा जवळजवळ मूळ ठिकाणी येतात. पुढे जाते ती ऊर्जा. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये ‘बंगलोर सायन्स फोरम’ सुरू केला आणि अशा गोष्टी सामान्य श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या व्याख्यानांची परंपरा या वसाहतीत रुजविली. शास्त्राच्या दृष्टीने लाटेचे दोन विशेष निश्चित आहेत : माध्यम जागा सोडत नाही आणि लाट ओसरल्यावर ते पूर्वस्थितीला येते. इतिहासकार एखाद्या घटनेला लाट म्हणतो तेव्हा हे दोन्ही विशेष नकळत त्या घटनेला चिकटतात.

असे असले तरी हे रूपक पाश्चात्त्यांनी दिले, असे मात्र म्हणता येत नाही. बाराव्या शतकात कल्हणाने काश्मीरचा इतिहास लिहिला, त्याला ‘राजतरंगिणी’, म्हणजे राजांची नदी, हे नाव दिले आणि त्याचे आठ भाग ‘तरंग’ या नावाने पाडले. ‘कथासरित्सागरा’तील प्रकरणेही तरंगच आहेत. परंतु कल्हणाचा तरंग हा कथनाचा विभाग आहे, घटनेचे कारण नव्हे. राजाच्या कृत्याचा दोष किंवा गुण तो राजाकडेच ठेवतो. तरंगाच्या माथी मारीत नाही. आधुनिक ‘लाट’ याच बाबतीत वेगळी पडते. ती घटनांची मांडणी करून थांबत नाही, त्यांचे कारण म्हणूनही पुढे येते.

३. साथ : चालत येणारा रोग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हाँगकाँगमध्ये १८९४ मध्ये पसरलेला हा रोग जहाजांच्या मार्गाने आला होता. १८९७ मध्ये तो पुण्यात फैलावला. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यातील घरझडतीमुळे लोकांत संताप उसळला, २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १८९८ मध्ये हुबळी-धारवाड भागात प्लेगचा जोर होता आणि त्याच वर्षी तो बंगळूरला पोचला.

मराठीत या आपत्तीला प्लेग, ग्रंथिक सन्निपात अशी नावे होती. परंतु तिच्या पसरण्याला शब्द एकच होता, ‘साथ’. प्लेगची साथ, पटकीची साथ, देवीची साथ. पुढे १९१८ चा इन्फ्लुएंझा आला, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात त्याला ‘मानमोडी’ म्हटले गेले. त्याचीही साथच होती. हा शब्द विचार करायला लावणारा आहे. सोबत या अर्थी ‘साथ’ संस्कृत ‘सार्थ’पासून आला आहे आणि सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. रोगाची साथ आणि माणसाची साथ ही मराठीत एकाच शब्दाने सांगितली जाते. रोग हा तांड्याप्रमाणे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा, माणसांच्या सोबतीने चालणारा प्रवासी आहे, ही समजूत त्यामुळे भाषेतच नांदत राहते. मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेऊन सोडण्याच्या प्रथेतही हीच कल्पना आहे. तो गाडा पुढच्या गावाची चिंता करीत नाही, हा त्या प्रथेतील निष्ठुर भाग. परंतु रोग वाटेने येतो आणि वाटेने जातो, हे तिला ठाऊक होते.

विज्ञानाचा निष्कर्ष या समजुतीच्या जवळ जाणारा निघाला, हे लक्षणीय आहे. येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचे जंतू ओळखले होते. ते उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतात, याचा प्रायोगिक पुरावा पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत मिळविला. बंगळूरमध्ये रोग आला तेच हे वर्ष. धान्याची पोती, पोत्यांबरोबर उंदीर, उंदरांबरोबर पिसवा आणि या सर्वांना वाहून नेणारी जहाजे व आगगाड्या : प्लेग शब्दशः सार्थाबरोबर चालत होता. लाट म्हटले की ती कोठून आली हे विचारण्याची गरज वाटत नाही, कारण लाटा येतच असतात. साथ म्हटले की वाट आणि सोबती यांचा शोध सुरू होतो.

बंगळूरमध्ये प्लेगमुळे काय झाले याची एक मोजणी उपलब्ध आहे. नगर आणि छावणी मिळून १८९१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १,८०,००० होती. १९०१ मध्ये ती सुमारे १,५९,००० भरली. या घटीत मृत्यू आहेत, तसेच घर सोडून गेलेले लोकही आहेत. जुन्या पेठेतील दाट वस्तीवर उपाय म्हणून त्याच सुमारास नव्या वसाहती आखल्या गेल्या. उत्तरेकडील मल्लेश्वरम आणि दक्षिणेकडील बसवनगुडी ही त्यांपैकी प्रमुख. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत आखलेल्या या वसाहतींत सरळ व रुंद रस्ते, घरांना हवा-उजेड, मागच्या बाजूने सफाईसाठी गल्ल्या आणि मोकळी मैदाने यांची योजना होती. मुंबईत १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे दादर-माटुंगा भागात जे केले, त्याचेच हे दक्षिणी भावंड म्हणता येईल.

या कामाशी निगडित एक नाव मराठी वाचकांच्या विशेष लक्षात राहावे. म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर म्हणून नेमलेले अधिकारी होते व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव. १८५० मध्ये कुंभकोणम येथे तंजावरी मराठी परंपरेतील देशस्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. मागे ज्यांना ‘स्थलांतराची लाट’ म्हटले गेले, त्या तंजावरकर मराठ्यांतील एका वंशजावर दोन शतकांनंतर बंगळूरची साथ आवरण्याची जबाबदारी आली. ओसरून गेलेल्या लाटेकडून हे घडले नसते.

मात्र बसवनगुडीची कथा केवळ कर्तृत्वाची नाही. नव्या वसाहतीत जागा घेऊन घर बांधणे ज्यांना शक्य होते, ते प्रामुख्याने सुशिक्षित, नोकरदार आणि उच्चवर्णीय होते. पेठेतील कारागीर आणि हातावर पोट असणारे लोक बहुतांशी तेथेच राहिले. बंगळूरच्या जुन्या भागांत उभी राहिलेली प्लेग मारम्माची देवळे त्यांच्या भीतीची आणि श्रद्धेची साक्ष देतात. लाट सर्वांना सारखीच भिजविते, असे म्हणण्याची पद्धत आहे. साथ मात्र कोणाच्या सोबतीला किती दिवस राहील, हे घराच्या भिंती, पाण्याची सोय आणि गाठीचा पैसा यांवर ठरते. शिवाय साथ गेल्यावर नगर पूर्वस्थितीला आले नाही. बसवनगुडीचा आराखडा हा त्या साथीचा कायमचा ठसा आहे. पाण्याच्या कणांप्रमाणे माणसे मूळ जागी परतली नाहीत.

४. लाटेला न मानणारे मतदार

हवामानशास्त्रात उष्णतेच्या लाटेला निश्चित माप आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस असावे लागते आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी वा त्याहून अधिक चढलेले असावे लागते. राजकीय लाटेला असे माप नाही. ती बहुधा निकालानंतर ओळखली जाते आणि मग निकालाचे कारण म्हणून सांगितली जाते. मोठे बहुमत मिळाले कारण लाट होती. लाट होती हे कशावरून, तर मोठे बहुमत मिळाले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा चक्रक दोष होय.

मराठी वृत्तपत्रसृष्टीत १९७१ ची इंदिरा लाट, १९७७ ची जनता लाट आणि १९८४ ची सहानुभूतीची लाट असे शब्दप्रयोग रूढ आहेत. बसवनगुडी परिसर ज्या बंगळूर दक्षिण लोकसभा मतदारसंघात मोडतो, त्याचा या काळातील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा पाडाव झाला. कर्नाटकात मात्र तिने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. उरलेल्या दोन जागांपैकी एक बंगळूर दक्षिणची होती. तेथून जनता पक्षाचे के. एस. हेगडे निवडून आले. १९७३ मध्ये ज्येष्ठता डावलली गेल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचा राजीनामा देणारे ते हेच हेगडे; पुढे ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. १९८० मध्ये काँग्रेसने कर्नाटकातील २८ पैकी २७ जागा घेतल्या. एकमेव अपवाद पुन्हा बंगळूर दक्षिणचा, जनता पक्षाचे टी. आर. शामण्णा. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसला राज्यात २४ जागा मिळाल्या. जनता पक्षाला मिळालेल्या चार जागांत बंगळूर दक्षिण होतीच, तेथे व्ही. एस. कृष्ण अय्यर विजयी झाले.

याहून महत्त्वाची घटना त्यानंतर घडली. लोकसभेतील पराभवामुळे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा देऊन नव्याने जनादेश मागितला. मार्च १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाने २२४ पैकी १३९ जागा जिंकल्या आणि हेगडे स्वतः बसवनगुडीतून निवडून आले. राज्य तेच, मतदारही जवळजवळ तेच आणि अंतर तीन महिन्यांहून कमी. डिसेंबरात सहानुभूतीची लाट होती आणि मार्चमध्ये ती ओसरून उलट दिशेची लाट आली, असे म्हणणारे म्हणतील. परंतु अधिक सरळ वाचन असे की केंद्र आणि राज्य यांसाठी मतदारांनी दोन वेगळे निर्णय घेतले. पहिल्या वाचनात मतदार पाण्याचा कण आहे, दुसऱ्या वाचनात तो विचार करणारा नागरिक आहे. ‘लाट’ हा शब्द पहिल्या वाचनाकडे ओढतो, हा त्याचा दोष आहे.

या विवेचनातून मतदार नेहमीच शांतपणे विचार करून मत देतो, असे सुचवावयाचे नाही. शोक, राग, निष्ठा, जात, उमेदवाराची प्रतिमा या सर्वांचा परिणाम होतो. परंतु मराठीत त्यासाठी ‘लहर’ आणि ‘ऊर्मी’ हे शब्द आधीच आहेत. त्यांनी निर्देशिलेली शक्ती माणसाच्या आत असते आणि म्हणून तिची जबाबदारीही त्याच्याकडे राहते. लाट म्हटले की जिंकणाऱ्याला कर्तृत्वाचा हिशेब द्यावा लागत नाही आणि हरणाऱ्यालाही चुकांचा.

५. शब्दाची जबाबदारी

बसवनगुडीत १९४५ मध्ये डी. व्ही. गुंडप्प यांनी सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली आणि तिला गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दिले. ‘डीव्हीजी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कन्नड लेखकाला गोखल्यांच्या सार्वजनिक जीवनातील सचोटीचे आकर्षण होते. त्या सचोटीची एक कठोर परीक्षा प्लेगच्याच काळात झाली होती. १८९७ मध्ये गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती पत्राने त्यांना कळली आणि त्यांनी ती तेथे जाहीर केली. परत आल्यावर पुराव्याने ती सिद्ध करता येत नाही असे दिसून येताच त्यांनी जाहीरपणे आणि बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल देशात त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. तिची राजकीय योग्यायोग्यता हा वेगळा प्रश्न. परंतु उच्चारलेल्या शब्दाचा भार स्वतः उचलण्याचे ते उदाहरण आहे. त्या साथीच्या काळात आखलेल्या वसाहतीतच गोखल्यांच्या नावाची संस्था उभी राहावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

हा भार आजच्या लेखनालाही चुकलेला नाही. २०२० मध्ये कोविड आला आणि मराठीत ‘पहिली लाट’, ‘दुसरी लाट’ हे शब्द घरोघरी पोचले. कन्नडमध्ये ‘एरडने अले’ हा शब्द त्याच अर्थाने रुळला. हा प्रयोग आलेखावरून आला. दररोजच्या रुग्णसंख्येची रेषा कागदावर काढली की ती चढते, शिखर गाठते आणि उतरते. या मर्यादित अर्थाने, म्हणजे आकृतीचे वर्णन म्हणून, तो बिनचूक आहे. मराठीच्या जुन्या वाटणीप्रमाणे तेथे ‘तरंग’ हा शब्दही शोभला असता. परंतु आलेखातील लाट लवकरच आलेखाबाहेर पडली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत बंगळूरमध्ये एकेका दिवसात वीस हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, प्राणवायू आणि खाटा मिळेनाशा झाल्या, स्मशानांत रांगा लागल्या. त्या काळात ‘लाट आली’ हे वाक्य वर्णन म्हणून उच्चारले गेले आणि उत्तर म्हणूनही. लाट आली म्हटल्यावर आधीच्या महिन्यांत कोणती तयारी केली, गर्दी कोणी जमू दिली, लस कोणापर्यंत किती पोचली, हे प्रश्न मागे पडले. ‘साथ’ हा शब्द त्या प्रश्नांना इतक्या सहज मागे पडू देत नाही, कारण सोबत कोणी कोणाची केली, हे विचारणे त्याच्या अर्थातच आहे.

याच एप्रिल महिन्यात, १९ तारखेला, कन्नडचे थोर कोशकार जी. वेंकटसुब्बय्या वयाच्या १०७ व्या वर्षी बंगळूरमध्ये निवर्तले. बसवनगुडी परिसरातील विजया महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले होते आणि ‘प्रजावाणी’तील ‘इगो कन्नड’ या सदरातून सामान्य वाचकांच्या शब्दविषयक शंकांना उत्तरे दिली होती. एखाद्या शब्दाचा अर्थ काय, असे विचारणारा वाचक आणि त्याला गांभीर्याने उत्तर देणारा कोशकार यांच्यामुळे भाषेतील वाटण्या जिवंत राहतात. मराठीतही दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने हे काम केले. असे कोश बाजूला पडले की एका परभाषी शब्दाच्या सोयीसाठी आपल्या चार शब्दांतील भेद पुसले जातात, आणि त्या भेदांत साठविलेला अनुभवही त्यांच्याबरोबर जातो.

प्रस्तुत विवेचनाचा उद्देश ‘लाट’ हा शब्द वर्ज्य ठरविण्याचा नाही. समुद्राला, हवामानाला आणि आलेखाला तो हवाच. इतिहासलेखनात मात्र तो योजताना तीन प्रश्न विचारले जावेत : माणसे जागची हलली नाहीत काय, सारे पूर्ववत झाले काय, आणि कोणी निर्णय घेतलेच नाहीत काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर लाट म्हणण्यास हरकत नाही. बसवनगुडीच्या बाबतीत ते तिन्ही वेळा नकारार्थी येते. १८९८ मध्ये माणसे हलली आणि नगर बदलले. १९८५ मध्ये मतदारांनी तीन महिन्यांपूर्वीच्या राज्यव्यापी निकालाहून वेगळा निर्णय दिला. या दोन्ही घटना माणसांनी घडविल्या आहेत आणि त्यांचे श्रेय व दोष माणसांकडेच राहिले पाहिजेत. मराठीच्या जुन्या शब्दवाटणीत याची तजवीज आहे. ती जपणे हे कोशकाराइतकेच इतिहासकाराचेही काम आहे.